टोलेडोचा न झालेला सामना

एल्काडर, आयोवा
४ ऑक्टोबर १९९३

श्री. वेंडेल प्राउटी यांस,

तुमची ‘जर-तर’ पत्रिका आमच्या घरी येते. माझा नवरा गस रेमबोल्ट एकेकाळी टोलेडोकडून फुटबॉल खेळायचा, म्हणून जावयाने त्याच्या वाढदिवसाला वर्षभराची वर्गणी भरली. जावई चांगला आहे. त्याचा यात काही दोष नाही.

मला जेवढं कळलं ते असं. जुन्या काळी लीगमध्ये दोन गट असत, दोन गटांचे दोन विजेते एकच सामना खेळत आणि बाकीचे सगळे घरी जात. आज असते तशी मोठी बाद फेरी तेव्हा असती तर आणखी कोण आत आलं असतं, त्याचे तक्ते तुम्ही दर अंकात एकेका वर्षाचे छापता. सप्टेंबरच्या अंकात तुम्ही १९५८ साल घेतलंत. त्यात टोलेडोला आत घेतलंत आणि रविवार, २१ डिसेंबर रोजी रॉचेस्टरला त्यांच्या मैदानावर खेळायला पाठवलंत.

माझी एवढीच विनंती आहे की पुढच्या अंकात टोलेडोचं नाव काढून टाकावं. चूक झाली, असं दोन ओळींत छापलंत तरी चालेल. आत्याबाईला मिशा असत्या तर आपण तिला काका म्हटलं असतं. यापलीकडे त्या तक्त्याला काही अर्थ असेल असं मला वाटत नाही. तेव्हा एक नाव गाळायला तुम्हाला जड जाऊ नये.

अर्लीन रेमबोल्ट


जेन्सव्हिल, विस्कॉन्सिन
११ ऑक्टोबर १९९३

सौ. रेमबोल्ट यांस,

आपलं पत्र मिळालं. १९५८च्या तक्त्याबद्दल आक्षेप घेणाऱ्या आपण सातव्या. आधीचे सहाही स्प्रिंगफील्डचे आहेत.

स्प्रिंगफील्ड आणि टोलेडो या दोघांचेही नऊ विजय आणि तीन पराभव. मग टोलेडो का? कारण त्या दोघांत जो सामना झाला तो टोलेडोने जिंकला होता. ऑक्टोबरची बारा तारीख, सतरा विरुद्ध दहा. आपले यजमान त्या सामन्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळले. माझ्याकडे दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्राची नक्कल आहे, सोबत जोडतो. माझा नियम साधा आहे: दोन्ही गटांतले पहिले दोन संघ आत. पहिला घरच्या मैदानावर खेळतो, दुसऱ्याने प्रवास करायचा. कोलंबसने शेवटच्या दिवशी टोलेडोला तीन गुणांनी हरवून गट जिंकला, म्हणून टोलेडो दुसरं आणि म्हणून प्रवास त्यांच्या नशिबी.

मी एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. पालक यायचे, म्हणायचे, सर, दोन गुण वाढवा, पोराचं वर्ष वाचेल. मी कधी वाढवले नाहीत. कमीही केले नाहीत. टोलेडो आत आहे, बाई. त्याला माझा इलाज नाही.

आपला,
वेंडेल प्राउटी

ता. क. आत्याबाईंच्या मिशांवरून माझी बायकोही मला बोलायची.


एल्काडर
१८ ऑक्टोबर १९९३

श्री. प्राउटी यांस,

मी स्प्रिंगफील्डची नाही. तुमची बेरीज चुकली असं मी कुठेही लिहिलेलं नाही. मास्तर लोक पत्र वाचतात की तपासतात?

स्पष्टच लिहिते. गस त्रेसष्ट वर्षांचा आहे. गेली चार वर्षं त्याची आठवण विझत चालली आहे. तो सेंटर होता, चेंडूवर वाकून उभा राहणारा. चेंडू पायांतून मागे दिला की पुढचा अडीचशे पौंडांचा गडी अंगावर येतो आणि पहिला धक्का डोक्याने घ्यायचा असतो. डॉक्टर म्हणतात, त्याचंच हे असावं. वाचता त्याला उत्तम येतं. वाचलेलं कोणत्या सालातलं, ते कळत नाही.

तुमचा अंक आला त्याच्या पुढच्या आठवड्यात त्याने तक्ता कापून फ्रिजवर लावला. तेव्हापासून रोज सकाळी नाश्ता झाला की तो बॅग भरतो. दोन सदरे, दाढीचं सामान, लोकरी मोजे. बूट मात्र रोज विसरतो. त्याचे खिळ्यांचे जुने बूट पडवीत टांगलेले आहेत, तिकडे बघतसुद्धा नाही. मग टोपी घालून दाराशी उभा राहतो आणि विचारतो, “बस किती वाजता?”

मी म्हणते, “कुठली बस, गस? आज मंगळवार.”

“मंगळवार झाला? मग उशीर झाला गं.” आणि तोंड असं करतो की माझ्याने बघवत नाही. दुपारपर्यंत तसाच उभा राहतो. बॅग रिकामी करायला गेलं की हात धरतो. हात अजून सेंटरचाच आहे.

मुलगी पेट्रा सिडर रॅपिड्सला असते. ती म्हणते, आई, हे तुझ्याच्याने होणार नाही, बाबांना वृद्धांच्या संस्थेत ठेवू. मी तिला थोपवून धरलंय.

नाव काढत नसाल तर निदान निकाल छापा. टोलेडो हरलं म्हणा, जिंकलं म्हणा, काहीही म्हणा. सामना झाला, संपला, असं त्याला एकदा वाचू दे. तुम्हीच मांडलेला सामना आहे. तुम्हीच तो संपवा.

अर्लीन रेमबोल्ट


जेन्सव्हिल
२५ ऑक्टोबर १९९३

सौ. रेमबोल्ट यांस,

आपलं पत्र मी तपासलं नाही. वाचलं. मागच्या पत्राबद्दल क्षमा मागतो.

निकाल मात्र मी छापू शकत नाही. नकाराचं कारण सांगणं मी आपलं देणं लागतो. कोण आत आलं असतं, हे आकड्यांवरून सांगता येतं. कोण जिंकलं असतं, हे कुणालाच सांगता येत नाही, आणि जो सांगतो तो लबाड. सात वर्षांपूर्वी एका रविवारी माझी बायको डोरिस म्हणाली, पोटात दुखतंय. मी टीव्हीसमोर होतो. म्हटलं, एवढा सामना संपू दे. सामना लांबला. तिचं अपेंडिक्स फुटलं होतं, ती गुरुवारी गेली. डॉक्टर म्हणाले, दोन तासांनी काही फरक पडला नसता. डॉक्टरांना तरी काय माहीत? त्या हिवाळ्यात मी हे तक्ते करायला घेतले आणि स्वतःला एक कुंपण घालून घेतलं: दारापर्यंत जायचं, दार उघडायचं नाही. एकदा उघडलं की मला माझ्या घरातही तेच करावं लागेल.

पण एक गोष्ट माझ्या हातात आहे. सामना कधी खेळायचा, हे मीच ठरवलंय. त्यामुळे तो पुढे ढकलण्याचा अधिकारही माझाच. सोबत श्री. रेमबोल्ट यांच्या नावाने वेगळं पत्र आहे. त्यात लिहिलंय की रॉचेस्टरचं मैदान गोठल्यामुळे सामना आठवडाभर पुढे गेला आहे, संघांनी आपापल्या ठिकाणी थांबावं. हे पत्र दर आठवड्याला येईल. यात खोटं काही नाही, फार तर मैदान.

एक विचारू का? आपल्या पहिल्या पत्रात बॅगेचा उल्लेख नाही. नाव काढा, एवढंच होतं, आणि त्या पत्रातलं अक्षर नंतरच्या पत्रापेक्षा जास्त हललेलं आहे. तेव्हाच काही वेगळं होतं का? सांगायचं नसेल तर हा प्रश्न खोडलेला समजावा.

वेंडेल प्राउटी


एल्काडर
८ नोव्हेंबर १९९३

श्री. वेंडेल यांस,

डोरिसबद्दल वाचून वाईट वाटलं. तुमच्या टोमण्यांना मी टोमणे दिले, त्याचंही.

तुमचं पत्र गसने दोनदा वाचलं, घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवलं. दोन दिवस टेबलाशी बसून काहीतरी लिहीत होता. मी गेले की हाताने झाकायचा, शाळेतल्या पोरासारखा. बॅग अजून भरतो. पण बसचं विचारताना घाई कमी झाली आहे. एवढंही पुष्कळ आहे.

आता तुमच्या प्रश्नाचं. पेट्रालाही हे माहीत नाही. तुम्ही मला कधी भेटलेला नाहीत, म्हणूनच लिहिता येतंय.

अठ्ठावन्न साली आम्ही इथे गावाबाहेर सासूच्या शेतावर राहत होतो. म्हणजे मी राहत होते. गस ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत टोलेडोला. पेट्रा दोन वर्षांची. सासू माझ्याशी वाईट वागायची असं नाही, ती माझ्याशी बोलायचीच नाही. चार-चार दिवस. चूल तिची, कपाटं तिची, पोरीला कधी झोपवायचं तेही तिचं. मी गसला लिहायची, तो लिहायचा, मोसम संपू दे. नोव्हेंबरात तो एका दिवसापुरता घरी आला, आईशी गाईगुरांचं बोलला आणि गेला. त्याच्या आधीच्याच आठवड्यात मी ओमाहाच्या बसचं तिकीट काढलं होतं. तिथे माझी बहीण होती. तारीख सतरा डिसेंबर, बुधवार. बुधवारी सासू चर्चच्या शिवणमंडळात जायची. टोलेडो तेव्हा गटात पहिलं होतं. सगळे धरून चालले होते की अंतिम सामना तेच खेळणार, म्हणजे गस महिनाअखेरपर्यंत येत नाही. तोपर्यंत मी आणि पेट्रा निघून गेलेलो असू. चिठ्ठीसुद्धा लिहून ठेवली होती.

मग कोलंबसने त्यांना तीन गुणांनी हरवलं. सोमवारी गाईंच्या धारा काढायच्या वेळेला गस दारात उभा. रात्रीच्या जेवणाला बसल्यावर त्याने बटाटे वाढून घेतले आणि आईला म्हणाला, “आई, उद्यापासून आम्ही गावात घर बघतोय. डेव्हिटांचं रिकामं आहे.” सासू काही बोलली नाही. बोलायची सवयच नव्हती. बुधवारी ओमाहाची बस सुटली तेव्हा मी डेव्हिटांच्या घरात पडद्यांची मापं घेत होते. पुढच्या मोसमात तो आम्हा दोघींना टोलेडोला घेऊन गेला.

पस्तीस वर्षं मी हेच धरून बसले आहे की माझा संसार तीन गुणांवर तरला. हरल्यामुळे त्याचं डोकं फिरलं असेल, घर सोडायचं त्या रागातच मनात आलं असेल, असं मला वाटायचं. चांगलं झालं ते योगायोगाने झालं. आणि मग तुमचा अंक येतो, आणि त्यात लिहिलेलं असतं की नियम जरा वेगळा असता तर गस त्या रविवारी रॉचेस्टरला असता. तुमच्या तक्त्यात टोलेडो आत आहे, वेंडेल. मी नाही. मी ओमाहाला आहे.

आता रोज त्याला आंघोळ घालताना, कानामागचा साबण पुसताना मनात येतं, मी इथे राहिले ती राहायचं म्हणून राहिले, की बस चुकली म्हणून?

उत्तर नाही दिलंत तरी चालेल.

अर्लीन


एल्काडर
नोव्हेंबर

प्राउटी साहेब,

तुमचं पत्र पोचलं. मैदान गोठलंय ते कळलं. गोठलेल्या मैदानावर चेंडू हातातून सटकतो, तेव्हा पुढे ढकललंत ते बरंच केलंत.

पण माझ्यासाठी थांबू नका. मी रॉचेस्टरला येणार नाही. मी घरी चाललोय. रोज बॅग भरतो, पण इथे एक बाई आहेत त्या जाऊ देत नाहीत. स्वभावाने चांगल्या आहेत. स्वयंपाकही चांगला करतात. पण बसची वेळ सांगत नाहीत.

मला बुधवारच्या आत पोचायचंय. मागे घरी गेलो होतो तेव्हा काडेपेटी शोधताना अर्लीनच्या कोटाच्या खिशात हात घातला. ओमाहाचं तिकीट. सतरा तारीख. हिरव्या रंगाचं होतं. मी ते होतं तसं ठेवलं. तिला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, हो, जातेय. मग मी काय बोलणार? बोलण्यात मी कच्चा आहे. म्हणून विचारलं नाही. परत येऊन कोचला सांगितलं, पंधरा तारखेनंतर मी नाही. तो म्हणाला, अंतिम सामना असला तरी? मी म्हटलं, असला तरी. फार ओरडला. ओरडू दे. सेंटर दुसरा मिळेल.

आईचं घर तिला सोसत नाही, हे मला उशिरा कळलं. गावात घर बघतो.

तुम्ही शिकलेले दिसता, म्हणून लिहिलं. अर्लीनला सांगू नका की मी तिकीट पाहिलं. तिला अपमान वाटेल.

ऑगस्ट (गस) रेमबोल्ट
सेंटर, टोलेडो


एल्काडर
२६ नोव्हेंबर १९९३

श्री. वेंडेल यांस,

अठरा दिवस झाले, तुमचं पत्र नाही. गसच्या नावाची पत्रं येतात, मैदान अजून गोठलेलंच आहे. पण मला काही नाही. मी फार बोलले का? तसं असेल तर मागचं पत्र शेगडीत घाला आणि आपण स्प्रिंगफील्डबद्दल बोलू.

काल थँक्सगिव्हिंगला पेट्रा आली होती. गस टर्कीचा तुकडा काट्याला लावून तिला म्हणाला, “तुमचं गाव कुठलं?” ती मागच्या पडवीत जाऊन रडली. नंतर भांडी पुसता पुसता म्हणाली, “आई, संस्थेत तीन जानेवारीपासून खोली मिळतेय. पंधरा डिसेंबरपर्यंत कळवायचंय. तू कुणासाठी हट्ट धरून बसली आहेस?”

मी तिच्या हातातली बशी घेऊन कपाटात ठेवली.

अर्लीन


जेन्सव्हिल
३० नोव्हेंबर १९९३

अर्लीनबाईंस,

आपण जास्त बोलला नाहीत. मीच गप्प राहिलो, आणि त्याचं कारण या पाकिटात आहे.

श्री. रेमबोल्ट यांचं हे पत्र मला बारा नोव्हेंबरला मिळालं. आपलं आठ तारखेचं पत्र दहालाच आलेलं होतं. दोन्ही पत्रं मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि अठरा दिवस तिथे जेवलो नाही. दिवाणखान्यात ताट घेऊन बसायचो.

त्यांनी लिहिलंय, अर्लीनला सांगू नका. मी दिलेला शब्द मोडत नाही, पण मी शब्द दिला नव्हता, त्यांनी मागितला होता. शिवाय ज्या अर्लीनपासून त्यांना हे लपवायचं होतं ती अठ्ठावन्न सालची आणि कोट अंगावर चढवलेली होती. तिला आता दुखवता येणार नाही. तुम्हाला मात्र न सांगून दुखवता येईल. हा विचार मी स्वतःच्या सोयीने केला असेल तर दोष माझा.

आजाऱ्याचं बोलणं किती खरं धरावं, हा प्रश्न तुम्हाला पडेल. मलाही पडला. म्हणून मी जे करतो तेच केलं. तिकीट ओमाहाचं, हे तुमच्याही पत्रात आहे आणि त्यांच्याही. तारीख सतरा, दोन्हीकडे. तुम्ही ते कुणालाच सांगितलेलं नाही. रंग फक्त त्यांच्या पत्रात आहे. तिकीट हिरवं होतं का, हे तुम्हालाच ठाऊक.

आणि बूट. तुम्ही लिहिलं होतं की ते रोज बूट विसरतात. ते विसरत नाहीत, अर्लीनबाई. घरी जायला खिळ्यांचे बूट लागत नाहीत.

कुणाचं काय झालं असतं, हे मी सांगत नाही, असं तुम्हाला लिहिलं होतं. ते अजूनही पाळतो. टोलेडो जिंकलं असतं की हरलं असतं, देव जाणे. पण रॉचेस्टरच्या मैदानावर त्यांचा सेंटर नसता, हे सांगायला मला अंदाज लागत नाही. त्याने आधीच कळवलं होतं.

वेंडेल


एल्काडर
२० डिसेंबर १९९३

प्रिय वेंडेल,

तिकीट हिरवं होतं.

तुमचं पाकीट टपालपेटीतून काढलं आणि फाटकापाशीच उघडलं. वाचून झाल्यावर आत आले तर गस टोपी घालून दाराशी उभा. मी कोट काढलाच नाही. पहिल्यांदा राग आला, खरं सांगते. पस्तीस वर्षं एका टेबलाशी जेवलो आणि या माणसाने एक अक्षर बोलू नये. मी एवढी वर्षं मनातल्या मनात कोलंबसचे आभार मानत होते. सासू बोलायची नाही, म्हणून मी घर सोडायला निघाले होते, आणि लेकही तिचाच. मग लक्षात आलं की मीही बोलले नव्हते. चिठ्ठी मी जाळली होती, तिकीट फाडून चुलीत टाकलं होतं, आणि तोंड मिटून पडद्यांची मापं घेतली होती. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं.

गस म्हणाला, “बस किती वाजता?”

मी म्हटलं, “बस नाही. गाडी आहे. चल.”

त्याने बॅग मांडीवर घेतली. आम्ही दगडी पुलावरून नदीपलीकडे गेलो, मग नदीच्या काठाकाठाने वरच्या रस्त्याला. मक्याची शेतं कापून झालेली, खुंटांमध्ये बर्फ साचलेलं. तो काचेतून बघत होता. मध्येच मला म्हणाला, “तुमचे उपकार झाले, बाई. बाकी कुणी ऐकूनच घेत नव्हतं.”

मी विचारलं, “घरी कोण असतं तुमच्या?”

“बायको आहे. एक मुलगी.”

“बायको कशी आहे?”

त्याने मांडीवरची बॅग सरळ केली. “तापट आहे,” म्हणाला. “पण तिचं बरोबर असतं.”

मला गाडी कडेला घ्यावी लागली. त्याने मला रुमाल दिला, बॅगेतला, इस्त्रीचा. माझ्याच हातची इस्त्री.

अर्ध्या तासाने आम्ही परत आपल्याच दाराशी आलो. मी म्हटलं, आलं तुमचं घर. तो उतरला, बॅग घेऊन आत गेला, टोपी खुंटीला लावली आणि टेबलाशी बसला. दिवसभर एकदाही बसचं विचारलं नाही. बॅग मी रिकामी केली तरी हात धरला नाही. पोचलेल्या माणसाला बॅग कशाला हवी?

तेव्हापासून आम्ही रोज जातो. सकाळी तो भरतो, मी गाडी काढते, नदीला वळसा घालून घरी आणते. सगळेच दिवस चांगले नसतात. गेल्या गुरुवारी तो पुलावरच घाबरला आणि दार उघडायला लागला. आता ते दार आतून उघडणार नाही अशी सोय जावयाने करून दिली आहे. जानेवारीची खोली आम्ही घेतली नाही. पेट्राला मी सगळं सांगितलं, तिकिटासकट. ती आधी रागावली, मी तिला ओमाहाला पळवून नेणार होते म्हणून. मग तिने बापाचं पत्र वाचलं. आता शनिवारी येते आणि ती गाडी चालवते, मी मागे बसते. वसंतापर्यंत निभेल. त्यापुढचं मला सांगता येत नाही, आणि तुम्ही तर सांगणारच नाहीत.

मी कुणासाठी हट्ट धरून बसले आहे, असं पेट्राने विचारलं होतं ना? ती भांडी पुसत होती तेव्हा उत्तर नव्हतं. आता आहे.

टोलेडोचं नाव राहू द्या तक्त्यात. स्प्रिंगफील्डवाल्यांना मी स्वतः उत्तर देईन, हवं तर. आणि उन्हाळ्यात इकडे या. जेन्सव्हिलहून काही फार लांब नाही. दिवाणखान्यात ताट घेऊन बसणं सोडा आता.

कालचं सांगते आणि थांबते. काल रविवार होता, बर्फ भुरभुरत होतं. गाडीत तो नेहमीसारखा ‘बाई, बाई’ करत होता. मी दाराशी सोडलं, गाडी लावली आणि मागून चालत आले. तर आत न जाता तो पायरीवर उभा, टोपी हातात, केसांवर बर्फ. माझ्याकडे बघत राहिला.

“तू गेली नाहीस,” म्हणाला.

“नाही गेले.”

“मी काय बोलायचं ते रस्त्याने सगळं ठरवत आलो होतो,” तो म्हणाला. “आता आठवत नाही.”

“राहू दे,” मी म्हटलं. “आत ये आधी. डोकं पुसते.”

तुमची,
अर्लीन